सतराचं मॅगझिन, दहाचं राज्य

प्रश्न : ताई, आम्ही सहा वर्षं डॅलसजवळ राहतो. दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, मुलगा नऊ वर्षांचा आहे. आमच्या वसाहतीत एका भारतीय कुटुंबाच्या घरात दागिन्यांसाठी दरोडा पडला, तेव्हापासून नवऱ्याच्या मनाने घेतलं आणि त्याने रीतसर ग्लॉक १७ पिस्तूल विकत घेतलं. बऱ्याचदा ते त्याच्या गाडीच्या कप्प्यातच असतं. आता त्याची न्यू जर्सीला बदली झाली आहे, पुढच्या महिन्यात आम्ही एडिसनला निघतोय. पिस्तुलाबरोबर १७ गोळ्यांची तीन मॅगझिनं (पिस्तुलात बसणारे गोळ्यांचे डबे) आहेत, शिवाय ऑफिसातल्या मित्राने वाढदिवसाला दिलेलं ३३ गोळ्यांचं एक लांबलचक मॅगझिन आहे. (हा मित्र एच-१बीवर आहे.) ओळखीच्या एका काकू म्हणाल्या की तिकडे दहाच्या वर चालत नाही. नवरा म्हणतो, "रिकामा डबा आहे तो, त्याला कोण विचारतंय? फार तर दहाच गोळ्या भरू." सांगलीहून सासरे म्हणाले, "एकदा परवाना झाला की झालं. आजोबांची बारा बोअरची बंदूक चाळीस वर्षं घरात आहे, कोणी काही म्हटलं?" मला मात्र झोप लागत नाही. ती मॅगझिनं गुपचूप कचऱ्यात टाकून देऊ का? आणि या कायद्याला खरंच काही अर्थ आहे का? दहा आणि सतरात असा काय फरक पडतो?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी सरळ उत्तर देते. चारही मॅगझिनं टेक्सासातच ठेवून या. विका, कोणाला द्या, काहीही करा, पण न्यू जर्सीत आणू नका. बाकीचं सविस्तर सांगते, कारण नवऱ्याला पटवायचं काम तुलाच करायचं आहे, आणि नुसतं "ताईने सांगितलंय" म्हटल्याने तो ऐकेल असं पत्रावरून वाटत नाही.

मी न्यू जर्सीत वकिली करते. इथला नियम असा : सेमीऑटोमॅटिक शस्त्राला (चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येते, असं शस्त्र) सलग दहापेक्षा जास्त गोळ्या पुरवू शकेल असं कुठलंही मॅगझिन, मग ते चौकोनी डब्याचं असो, गोल ड्रमचं असो की नळीचं, सर्वसामान्य माणसाने जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. (पॉइंट टूटूच्या, म्हणजे अगदी छोट्या गोळीच्या बंदुकीला जोडलेली नळी वगळली आहे, पण त्याच्याशी तुमचा संबंध नाही.) १९९० पासून ही मर्यादा १५ होती. जून २०१८ मध्ये तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि ती १० झाली. ज्यांच्याकडे मोठी मॅगझिनं होती त्यांना विल्हेवाट लावायला १८० दिवस मिळाले, आणि ती मुदत त्याच वर्षीच्या डिसेंबरात संपली. आज नव्याने येणाऱ्याला अशी सवलत नाही. तुमची गाडी राज्यात शिरली की नियम लागू झाला.

आता "फार तर दहाच भरू" याबद्दल. नवऱ्यासारखाच विचार खूप जण करतात आणि तिथेच फसतात. कायदा किती गोळ्या भरल्या ते बघत नाही, किती मावतात ते बघतो. पाच लिटरच्या डब्यात दोन लिटर तेल ओतलं म्हणून डबा दोन लिटरचा होत नाही, तसंच हे. तुझ्या घरातलं एक मॅगझिन हातात घेऊन बघ. आधी नवऱ्याला ते पिस्तुलातून काढून रिकामं करायला सांग, मगच हात लाव. त्याच्या पाठीवर बारीक भोकांची रांग दिसेल आणि शेजारी आकडे कोरलेले असतील. गोळी कुठवर आली ते बाहेरून कळावं म्हणून ही सोय असते. सगळ्यात खालच्या भोकाजवळ १७ लिहिलेलं आहे. कंपनीनेच तुमच्याविरुद्धचा पुरावा त्यावर कोरून ठेवला आहे. मॅगझिन रिकामं असलं, पिस्तुलापासून वेगळ्या बॅगेत असलं, माळ्यावरच्या खोक्यात विसरून राहिलं, तरी त्याने काही फरक पडत नाही.

हा इथे चौथ्या श्रेणीचा गुन्हा मानला जातो. शिक्षा १८ महिन्यांपर्यंत, दंड १०,००० डॉलरपर्यंत. अशी नोंद एकदा झाली की न्यू जर्सीत शस्त्र घेण्यासाठी लागणारं ओळखपत्रही मिळत नाही. म्हणजे ज्या पिस्तुलासाठी नवऱ्याचा एवढा आटापिटा चाललाय, तेही हातचं जाईल.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. तुम्ही अजून नागरिक नाही. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं, असं स्थलांतराच्या कायद्यात स्वतंत्र कलम आहे, आणि ते ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू होतं. त्यात शस्त्राबरोबर शस्त्राचा भाग आणि जोडवस्तू हे शब्दही आले आहेत. मॅगझिन त्यात बसतं की नाही यावर दोन वकील तासन्‌तास भांडू शकतील. मीही भांडेन, आणि कदाचित जिंकेनसुद्धा. पण तीस डॉलरच्या वस्तूसाठी तुझ्या मुलाची शाळा, तुमचं घर, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेलं ते कार्ड, हे सगळं त्या भांडणावर कशाला लावायचं? विषाची परीक्षा कशाला बघायची?

आणखी एक, हे फक्त तुझ्यासाठी. "मॅगझिन नवऱ्याचं आहे, माझा काय संबंध" असं समजू नकोस. कायद्यातला ताबा म्हणजे वस्तू हातातच असायला हवी असं नाही. घरात काय आहे ते तुला ठाऊक आहे आणि ते कपाट तुलाही उघडता येतं, एवढ्यावरून तुझ्यावरही बोट ठेवता येतं. म्हणून हा विषय एकट्या नवऱ्याचा नाही, आणि तुला झोप लागत नाही ते बरोबरच आहे.

"कोण विचारतंय" याचं उत्तर म्हणून एक खरी गोष्ट सांगते. नवऱ्याला ती जरूर वाचून दाखव, कारण ती तुमच्यासारखंच बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाची आहे.

ब्रायन एटकिन नावाचा तरुण कोलोरॅडोतून न्यू जर्सीत राहायला आला. पिस्तुलं त्याने तिकडे कायदेशीरपणे विकत घेतली होती. जानेवारी २००९ मध्ये तो सामान एका घरातून दुसऱ्या घरी हलवत होता. त्या दिवसांत तो खचलेला होता. आईला त्याची काळजी वाटली म्हणून तिने पोलिसांचा नंबर फिरवला आणि लगेच मन बदलून फोन ठेवून दिला. पण पोलीस आलेच. त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि गाडी तपासली. सामानाच्या ढिगाऱ्याखाली डिकीत पिस्तुलं सापडली, रिकामी आणि कुलूपबंद. बरोबर मोठी मॅगझिनं आणि पोकळ टोकाच्या, म्हणजे अंगात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्याही होत्या. त्याच्यावर तिन्ही गोष्टींचे आरोप लागले. घर बदलताना शस्त्र नेण्याची कायद्यात सूट आहे, पण न्यायाधीशांनी ती ज्यूरीला समजावून सांगितलीच नाही. ऑगस्ट २०१० मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. प्रकरण देशभर गाजलं, आणि डिसेंबरात तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी उरलेली शिक्षा माफ करून त्याला सोडलं. पुढे अपिलात पिस्तुलांबद्दलची शिक्षा रद्द झाली, पोकळ टोकाच्या गोळ्यांबद्दलची मात्र कायम राहिली.

कोणी विचारायला आलं नव्हतं, बघ. एका आईने काळजीपोटी फोन केला होता, तेवढंच. दारावर पोलीस यायला चोरी-मारामारी व्हावी लागत नाही. गाडीचा मागचा दिवा बंद असतो, शेजारी आवाजाची तक्रार करतो, घरात कोणाला चक्कर येऊन रुग्णवाहिका बोलवावी लागते, आणि पोलीस दारात उभे असतात.

गाडीच्या कप्प्याचं वाचून तर मी दचकलेच. टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, त्यामुळे नवऱ्याला ती सवय लागली आहे. न्यू जर्सीत वेगळा परवाना नसताना गाडीत हाताशी पिस्तूल ठेवणं हा मॅगझिनपेक्षा कितीतरी मोठा, दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे : पाच ते दहा वर्षं, आणि त्यातली किमान साडेतीन वर्षं पॅरोलशिवाय. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या शनीन ॲलन हिला इथल्या पोलिसांनी वाहतुकीच्या साध्या कारणावरून थांबवलं. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता, म्हणून जवळ पिस्तूल असल्याचं तिने आपणहूनच सांगितलं. नदीपलीकडचा तो परवाना इथे चालत नाही हे तिला माहीत नव्हतं. दोन लहान मुलांच्या त्या आईला आधी अटक झाली, आणि २०१५ मध्ये गव्हर्नरांची माफी मिळेपर्यंत ते प्रकरण तिच्या मानेवर होतं. तिने लपवाछपवी केली नव्हती. उलट खरं बोलली होती.

सासऱ्यांना दोष देऊ नकोस. ते आपल्याकडच्या पद्धतीने बोलतात. भारतात परवाना माणसाच्या नावाचा असतो आणि त्यावर शस्त्र कोणतं, काडतुसं किती घ्यायची, एका वेळी जवळ किती ठेवायची, सगळं लिहिलेलं असतं. निवडणूक लागली की बंदूक कापडात गुंडाळून ठाण्यात जमा करायची आणि आचारसंहिता संपली की सोडवून आणायची. बारा बोअरच्या दुनळीत मावतात दोन काडतुसं, त्यामुळे मॅगझिनचा प्रश्न त्यांच्यासमोर कधी आलाच नाही. अमेरिकेत गणित उलटं आहे. घरात गोळ्या किती, यावर बहुतेक ठिकाणी कोणी बंधन घालत नाही. एका दमात किती सुटतील, यावर काही राज्यं बंधन घालतात. आणि हा आकडा राज्याराज्यांत बदलतो. टेक्सासात मर्यादा नाही, पेनसिल्व्हेनियातही नाही. न्यू यॉर्क, कनेक्टिकट, कॅलिफोर्नियात १०. कोलोरॅडोत १५. डेलावेअरने २०२२ मध्ये १७ ठरवले. इलिनॉयमध्ये पिस्तुलाला १५ आणि लांब बंदुकीला १०. मेरिलँडमध्ये दहाच्या वरचं विकता येत नाही, पण बाळगण्यावर बंदी नाही. एके काळी सबंध देशाला एकच नियम होता : सप्टेंबर १९९४ ते सप्टेंबर २००४ अशी दहा वर्षं केंद्राने दहाच्या वरच्या नव्या मॅगझिनांवर बंदी घातली होती. मुदत संपली, संसदेने ती वाढवली नाही, आणि तेव्हापासून ज्याचं त्याचं राज्य.

आता तुझा खरा प्रश्न, दहा आणि सतरात काय फरक पडतो. इथे मी वकील म्हणून कमी आणि माणूस म्हणून जास्त बोलते.

त्या ३३च्या मॅगझिनवरून सांगते. ८ जानेवारी २०११, ॲरिझोनातलं टूसान शहर. किराणा दुकानाबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स लोकांना भेटत होत्या. एक माणूस ग्लॉक पिस्तूल घेऊन आला, आणि त्याला लावलं होतं ३३ गोळ्यांचं मॅगझिन, तुझ्या घरात वाढदिवसाची भेट म्हणून आलंय त्याच प्रकारचं. काही सेकंदांत ते रिकामं झालं. सहा माणसं गेली, तेरा जखमी झाली. गेलेल्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती, खासदार कशा असतात ते बघायला आलेली. तुझ्या मुलाच्याच वयाची. दुसरं मॅगझिन लावायला तो थांबला आणि तेवढ्यात लोकांनी त्याला खाली पाडलं. ६१ वर्षांच्या पॅट्रिशिया मेश यांनी त्याच्या हातातलं भरलेलं मॅगझिन ओढून घेतलं. साठी उलटलेल्या, निःशस्त्र बाई. त्यांना ते जमलं, कारण बंदूक थांबली होती.

असंच डिसेंबर १९९३ मध्ये न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडच्या लोकलमध्ये घडलं होतं. १५ गोळ्यांची दोन मॅगझिनं संपवून तो माणूस तिसरं लावत होता, तेव्हा डब्यातल्या तीन प्रवाशांनी झडप घालून त्याला दाबून धरलं. तोवर सहा जणांना प्राणघातक गोळ्या लागल्या होत्या. संध्याकाळी कामावरून घरी परतणारी माणसं होती ती, हातात डबा आणि पेपर.

या कायद्याचा सगळा जीव त्या थांबण्यात आहे. मॅगझिन बदलण्याचे ते दोन-चार सेकंद. पळून दाराआड जायला, मुलाला टेबलाखाली ओढायला, कोणीतरी पुढे झेपावायला तेवढा वेळ मिळतो. दहाची मर्यादा असेल तर तीस गोळ्यांत असे दोन थांबे येतात. ३३च्या मॅगझिनात एकही येत नाही. १० हा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. कोणी १५ म्हणतं, कोणी १७. पण कुठेतरी रेघ मारायला हवी हे मला मनापासून पटतं, आणि ती माझ्या राज्याने मारली याचं मला समाधान आहे.

नवरा म्हणेल, गुंड काय कायदा वाचून येतात? सरावलेला माणूस दोन सेकंदांत मॅगझिन बदलतो, मग काय उपयोग? आणि रात्री तिघं दरोडेखोर शिरले, माझे हात थरथरतायत, दहातल्या आठ चुकल्या तर? हे बोलणं मूर्खपणाचं नाही, कोर्टातही हेच मुद्दे मांडले जातात. आपल्या लोकांच्या घरांत सोन्यासाठी दरोडे पडतात हेही खरं आहे. टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत आशियाई आणि भारतीय घरं हेरून, घरात माणसं असताना शिरणाऱ्या टोळीला शिक्षा झालेली आहे. त्याच्या भीतीला हसू नकोस. तिला उत्तर दे. न्यू जर्सीत स्वतःच्या घरात पिस्तूल ठेवायला बंदी नाही. दहाचं मॅगझिन वापरता येतं, आणि एक संपलं तर दुसरं दहाचं असायलाही हरकत नाही. म्हणजे त्याच्या हातून गेले काय, तर सलग सुटणारे सात बार. ते सात बार न्यू जर्सीत प्रत्येकाकडून काढून घेतले आहेत, ज्यांच्या हातात ते टूसानसारखे गेले असते त्यांच्याकडूनही. मी पाच-सहा वेळा नेमबाजीच्या रेंजवर गेले आहे, एका खटल्यासाठी गरज होती म्हणून. मॅगझिन भरताना स्प्रिंग अशी काही आडवी येते की आठव्या-नवव्या गोळीला अंगठा दुखायला लागतो. दहा गोळ्या भरून झाल्यावर हात झटकत मी विचार केला होता, की घर सांभाळायला याहून जास्त लागेल असं खरंच वाटतं का मला? नाही वाटलं.

सोन्याचं म्हणशील तर दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेव आणि गणपतीतले नटलेले फोटो घरी परतल्यावर टाक. एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर सोनं घेणारी मंडळी कोण, घर कुठलं, हे चोरांनाही ठाऊक असतं. आणि रिकाम्या घरात शिरलेल्या चोराला पिस्तूल सापडलं तर तो ते दागिन्यांइतक्याच आनंदाने नेतो. तेव्हा तिजोरी आधी. न्यू जर्सीत लहान मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं ठेवणं हाही गुन्हा आहे. तुझ्याकडे नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे पिस्तूल कुलुपात ठेवायचं ते शिक्षेच्या भीतीने नाही, त्याच्यासाठी.

नवऱ्याने कुठेतरी वाचलं असेल की कायद्याला कोर्टात आव्हान दिलंय, पडणारच आहे तो. आव्हान दिलंय हे खरं. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कच्या एका खटल्यात शस्त्रांचे कायदे तपासण्याची कसोटी बदलली, आणि न्यू जर्सीचं प्रकरण पुन्हा खाली पाठवलं. जुलै २०२४ मध्ये इथल्या संघीय न्यायाधीशांनी एका प्रकारच्या रायफलीवरची बंदी चुकीची ठरवली, पण दहाची मर्यादा कायम ठेवली. तो वाद पुढे वरच्या कोर्टात गेला. कॅलिफोर्नियाची मर्यादा मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी उचलून धरली. पण खटला चालू आहे म्हणजे कायदा थांबलाय असं नसतं. एखादा न्यायाधीश कायदा रद्द करतो, आठवड्याभरात वरचं कोर्ट त्याला स्थगिती देतं, आणि मधल्या दिवसांत ज्यांनी घाई केली त्यांची तारांबळ उडते. निघायच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या शस्त्रकायदा बघणाऱ्या वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या. त्याची फी परवडेल तुम्हाला.

कचऱ्यात गुपचूप टाकू नकोस. एक तर ते कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे, नवऱ्याला कळलं की भांडण मॅगझिनवरून सुरू होईल आणि विश्वासावर जाऊन थांबेल. त्याच्या समोर, त्याच्या हातूनच झालं पाहिजे. टेक्सासात मॅगझिन विकायला अडचण नाही. शस्त्रांचं दुकान जुनी मॅगझिनं घेतं, नाहीतर रेंजवरच्या एखाद्या नागरिक मित्राला देऊन टाका. रिव्हेट ठोकून सतराचं कायमचं दहाचं करून देणारे कारागीरही आहेत आणि कायद्यात त्याला जागा आहे. पण "कायमचं" म्हणजे नक्की किती कायमचं, हा वाद पोलिसाशी रस्त्यावर घालण्यापेक्षा कंपनीची दहाची दोन नवी मॅगझिनं घेतलेली बरी. ग्लॉक १७ साठी ती सहज मिळतात.

गोळ्यांचं खोकंही बघा. टोकाला खळगा असलेल्या, म्हणजे पोकळ टोकाच्या गोळ्या असतील तर त्याही तिकडेच सोडा. न्यू जर्सीत त्या घरात ठेवता येतात, दुकानातून घरी नेता येतात, पण घर बदलताना नेण्याबद्दल काय झालं ते एटकिनच्या प्रकरणात वाचलंस. इथे येऊन नव्या घ्या.

रस्त्याचं सांगते. डॅलसहून बहुतेक तुम्ही ३० नंबरच्या महामार्गाने आर्कान्सा, मग ४० आणि ८१ धरून टेनेसी, व्हर्जिनिया असं याल. मध्ये बारा मैल मेरिलँड लागेल, पुढे पेनसिल्व्हेनिया, आणि ७८ नंबरवर ईस्टनजवळ डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी. पिस्तूल रिकामं, कुलुपाच्या पेटीत, डिकीत. गोळ्या वेगळ्या. पेटीची किल्ली हाताशी नको. १९८६ चा केंद्राचा कायदा अशा प्रवासाला संरक्षण देतो, पण तो प्रवाशाला देतो. वाटेत न्यू जर्सीतल्याच मावसभावाकडे तीन दिवस मुक्काम आणि गाडी बाहेर उभी, असं करू नका. थेट नव्या घरी या, पेटी आत न्या. नव्याने राहायला आलेल्यांनी ६० दिवसांच्या आत इथल्या ओळखपत्रासाठी अर्ज करून पिस्तुलाची नोंद करायची, असा २०२२ पासून नियम आहे. पहिल्याच आठवड्यात करून टाका. सामान लावता लावता दोन महिने कसे जातात ते कळत नाही.

त्या एच-१बीवरच्या मित्राला माझा निरोप दे. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने पिस्तूल किंवा गोळ्या बाळगणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते गृहीत धरू नयेत. हौस म्हणून रेंजवर जात असेल तर आधी त्याने वकिलाला गाठावं. आणि तुम्ही निघताना उरलेल्या गोळ्या प्रेमाने त्याच्याकडे ठेवून येऊ नका.

निघायच्या आदल्या रात्री दोघं मिळून एक काम करा. पिस्तुलाची पेटी तुम्ही तपासालच. पण रेंजवर न्यायची ती पिशवी असते ना, कानावरचे मफ आणि चष्मा ठेवायची, तिच्या बाजूच्या चेनच्या कप्प्यात हात घाला. गाडीच्या सीटखाली बघा, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात बघा, हिवाळी जॅकेटांचे खिसे बघा. तीन सतराची आणि एक तेहतीसचं, अशी चार मोजून दिल्याची खात्री झाली की मगच गाडी भरा.